संगणकाची दुरुस्ती की नवी जुळणी?

आमच्या निवासी विद्यालयातून शिकून गेलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक भेटले की एक प्रश्न हमखास निघतो. घरातला संगणक बंद पडला आहे. तो दुरुस्त करावा, की सुटे भाग आणून नवा जुळवून घ्यावा? प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. परंतु मुक्ताईनगर परिसरातील ज्या घरात संगणक कापसाच्या किंवा केळीच्या एका हंगामाच्या बचतीतून आलेला असतो, त्या घरात तो साऱ्या वर्षाच्या हिशेबाचा प्रश्न असतो. त्यातच महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख जवळ आलेली असते आणि मुलीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती त्याच यंत्रात अडकलेल्या असतात. अशा वेळी कोणी ‘बोर्ड गेला, आता नवाच घ्या’ असे सांगितले, तर ते खरे की खोटे हे पडताळण्याचे साधन घरात कोणाकडेच नसते.

हे साधन हाती यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, दोष कोठे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीचाही निर्णय घेऊ नये आणि नव्या खरेदीचाही घेऊ नये. ज्याने एकदा तरी संगणक स्वतःच्या हाताने जुळविला आहे, त्याला हा दोष शोधणे फारसे अवघड जात नाही.

पेटी उघडता येते, हे कसे घडले?

संगणक हा परदेशातून आलेला, मोहोरबंद आणि आपल्या आकलनापलीकडचा पदार्थ आहे, असा समज अजूनही आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी निर्वात नलिका आणि फेराइट कोरची स्मृती वापरून ‘टीआयएफआरएसी’ हा संगणक येथेच बांधला आणि तो १९६० साली कार्यान्वित झाला. पुढे ऐंशीच्या दशकात भारताला हवा तो महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. एकच अजस्र प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून बाजारात मिळणारे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेण्याचा मार्ग तेथे अवलंबिला गेला. जुळणी या शब्दाचा अर्थ समजण्यास याहून चांगले उदाहरण आमच्या ध्यानात नाही.

घरगुती संगणकाची कथाही जुळणीचीच आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तो बहुतांशी इतरांनी बनविलेल्या सुट्या भागांतून आणि त्याचे विद्युत आराखडे छापून प्रसिद्ध करून. त्यामुळे इतर कंपन्यांना त्याला चालतील असे भाग बनविता आले. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप ठरविले. मदरबोर्डाला किती छिद्रे कोठे असावीत, वीजपुरवठ्याची पेटी केवढी असावी, हे सारे त्यात निश्चित झाले. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मदरबोर्ड जळगावात घेतलेल्या कॅबिनेटमध्ये बिनचूक बसतो, तो या सामायिक मापामुळे.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची, म्हणजे एमकेसीएलची स्थापना २००१ साली झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाचा वापर गावोगावी नेला, हे मोठेच कार्य झाले. मात्र त्या शिक्षणाचा भर स्वाभाविकपणे वापरावर राहिला. पेटीच्या आत काय आहे, हे जाणून घेण्याची पायरी आपल्यापैकी बहुतेकांची राहून गेली.

यंत्राची सात अंगे

टेबलावर ठेवायच्या संगणकात मुख्यत्वे सात भाग असतात. प्रोसेसर गणित करतो. मदरबोर्ड सर्व भागांना एकमेकांशी जोडतो. रॅम ही चालू कामाची तात्पुरती स्मृती. वीज गेली की ती रिकामी होते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कायमची साठवण. एसएमपीएस नावाची पेटी घरातील २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करते. प्रोसेसरवरील पंखा व धातूचा ठोकळा उष्णता बाहेर टाकतात. सातवे अंग म्हणजे हे सारे सामावून घेणारे कॅबिनेट. चित्र दाखविणारे ग्राफिक्स कार्ड काही यंत्रांत वेगळे असते, तर बहुतेक घरगुती यंत्रांत ते काम प्रोसेसरच करतो.

या सातांपैकी एक बिघडला म्हणजे उरलेले सहा बिघडले, असे होत नाही. ‘संगणक गेला’ हे वाक्य म्हणूनच सहसा अपुरे असते. त्यातले काय गेले, हा पुढचा प्रश्न विचारावयास हवा.

आपल्या हवेचे रोग

खानदेशात संगणक का बिघडतात, याची काही कारणे आपल्या हवेतच आहेत. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. प्रोसेसर थंड करणारा पंखा खोलीतलीच हवा वापरतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा कधीच थंड होऊ शकत नाही. समजा, कामाच्या वेळी तो खोलीपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापतो. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत तो ७० अंशांवर राहील आणि सुरळीत चालेल. तोच मे महिन्याच्या दुपारी ९० अंशांवर जाईल. पंख्यात धूळ साचलेली असेल, तर १०० अंशांचा टप्पा दूर नाही. त्याच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आधी वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद करतात. ‘उन्हाळ्यात संगणक आपोआप बंद पडतो’ या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते आणि त्यावर उपाय नवा संगणक नसून साफसफाई हा असतो.

धुळीतही आपल्याकडे एक खास भर पडते. कापूस घरातच साठविण्याची रीत असल्याने त्याचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि पंख्याच्या मागे धातूच्या पात्यांवर नमद्यासारखा थर धरतात. हवा जाण्याची वाटच बुजते. वेचणीचा हंगाम सरल्यावर एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा, असे वर्षातून दोन वेळा कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने व हवेच्या झोताने स्वच्छता केली, तर यंत्राचे आयुष्य निश्चित वाढते. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो भरधाव फिरू देऊ नये.

तिसरे कारण वीज. शेतीपंप सुरू झाले की दाब उतरतो, भारनियमनानंतर वीज परतली की तो क्षणभर उसळतो. हा सारा मार प्रथम एसएमपीएस सोसते. तिच्यात आणि मदरबोर्डावर कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात. त्यांच्याबाबत अभियंते एक ठोकताळा सांगतात : तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. यूपीएसच्या बॅटरीलाही जवळपास हाच नियम लागू पडतो. म्हणून थंड प्रदेशात वर्षानुवर्षे टिकणारा भाग आपल्याकडे लवकर थकतो. त्यात मालाचा किंवा विक्रेत्याचा दोष असेलच असे नाही. कपॅसिटरचा माथा सपाट असावा. तो फुगलेला दिसला तर भाग थकला असे समजावे.

चौथे कारण अर्थिंग. कॅबिनेटला हात लावताच बोटांना मुंग्या आल्या, तर घरातील अर्थिंग तुटलेले किंवा नसलेले असण्याचा संभव मोठा. एसएमपीएसमधील गाळणीतून अल्प प्रवाह कॅबिनेटकडे येतो. त्याला जमिनीत जाण्याची वाट मिळाली नाही की तो आपल्या हाताला जाणवतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तो नीट काम करीत नाही. त्यात पाणी घालत राहावे आणि जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की संगणकाची वायर तर काढावीच, पण इंटरनेटची तांब्याची केबल लागलेली असेल तर तीही काढावी. अनेकदा आघात तिच्याच वाटेने आत शिरतो.

निदानाच्या पायऱ्या

आता दोष शोधण्याचा क्रम पाहू. वैद्य आधी नाडी पाहतो, औषध नंतर देतो. येथेही तोच शिरस्ता.

पेटी उघडण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी आणि संगणकाचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार ओसरतो. हवा कोरडी असताना आपल्या अंगावर स्थिर वीज साचते व ती नाजूक भागांना मारक ठरते. म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच कामास आरंभ करावा. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यात जीवघेणा भार काही काळ टिकून राहतो.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर प्रथम दुसऱ्या प्लगवर आणि दुसऱ्या वायरने पाहावे. तरीही हालचाल नसेल तर संशय एसएमपीएसवर जातो. ओळखीच्या चालू यंत्रातील, तेवढ्याच क्षमतेची एसएमपीएस लावून पाहिली की शंका फिटते.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशी तक्रार सर्वांत अधिक येते आणि ‘बोर्ड गेला’ हा निवाडाही येथेच अधिक वेळा दिला जातो. वास्तविक येथे पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवावा, भुकटी झटकावी आणि पट्टी दोन्ही खटके बसेपर्यंत दाबून परत लावावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. एवढ्याने कित्येक ‘गेलेले’ संगणक उठून बसतात. तरीही न झाल्यास डिस्क, वेगळे कार्ड, यूएसबीची साधने असे सारे काढून केवळ प्रोसेसर, एक रॅम व वीज एवढ्यावर यंत्र चालवून पाहावे. ते चालले, तर एकेक भाग पुन्हा जोडत जावे. जो जोडताच यंत्र अडते, तोच दोषी.

संगणक चालतो, पण तारीख दर वेळी अनेक वर्षे मागे जाते आणि शासकीय संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, असे झाले तर इंटरनेटला दोष देऊ नये. मदरबोर्डावर ३ व्होल्टचा, नाण्याएवढा ‘सीआर २०३२’ सेल असतो. तो संपलेला असतो. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा हा सेल बदलला आणि तारीख एकदा बरोबर केली की काम भागते.

यंत्र अतिशय मंद झाले असेल, तर पाहावे ते साठवणीकडे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविली आणि रॅम ४ जीबीची ८ जीबी केली, तर जुने यंत्र लिखाण, अर्ज व ऑनलाइन तासिका यांसाठी पुन्हा ताजेतवाने होते. मात्र हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर दुसरे काहीही करण्यापूर्वी आतील कागदपत्रे बाहेर काढावीत. दुकानात यंत्र देताना ‘फॉरमॅट मारण्यापूर्वी माहिती काढून ठेवा’ हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावे. महत्त्वाच्या कागदांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी असाव्यात. डिजिलॉकर हे त्यांपैकी एक ठिकाण होऊ शकते.

नवी जुळणी केव्हा करावी?

इतके करूनही मदरबोर्ड खरोखरच निकामी ठरला, तर मात्र विचार बदलतो. जुन्या प्रोसेसरला बसणारा नवा मदरबोर्ड बाजारात मिळेनासा झालेला असतो. जो मिळतो तो बहुधा वापरलेला. मदरबोर्ड बदलला की प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. आम्ही स्वतःपुरता एक नियम ठेवला आहे : दुरुस्तीचा खर्च तेवढ्याच कामाच्या नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर दुरुस्ती करू नये, त्याहून कमी असेल, तर नवे घेण्याची घाई करू नये.

नवी जुळणी करतानाही सारेच नवे घेण्याचे कारण नसते. पडदा, कळफलक, माऊस, कॅबिनेट आणि चांगली असल्यास एसएसडी, हे जुन्या यंत्रातून नव्यात येतात. नव्या भागांत मेळ तेवढा पाहावा. प्रोसेसरची बैठक आणि मदरबोर्डाची बैठक एकच हवी. डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, कारण दोहोंची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून ती बसवू नये. एसएमपीएस मात्र स्वस्तातली घेऊ नये. नामांकित, प्रमाणित आणि गरजेपेक्षा थोड्या अधिक क्षमतेची घ्यावी. आपल्या हवेसाठी कॅबिनेटला समोरून हवा घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा, असे दोन पंखे असावेत.

तयार ब्रँडचा संगणक घ्यावा की जुळविलेला, याचेही दोन पक्ष आहेत. ब्रँडच्या यंत्राला एकच हमी असते व तक्रार एकाच दारी नेता येते. उलट, काही ब्रँड एसएमपीएस व मदरबोर्ड आपल्याच खास मापाचे बनवितात, त्यामुळे हमी संपल्यावर भाग महाग पडतात. जुळविलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी निरनिराळी असते, तिचे सेवाकेंद्र तालुक्याच्या गावी सहसा नसते आणि भाग जळगावला किंवा त्याहून दूर पाठवावा लागतो. परंतु कोणताही भाग कोणत्याही दुकानातून घेऊन बदलता येतो. म्हणून ज्या घरात पेटी उघडण्याची कोणाचीच तयारी नाही, त्यांनी ब्रँडचे यंत्र घ्यावे. जेथे एखादा मुलगा किंवा मुलगी हे शिकण्यास उत्सुक आहे, तेथे जुळणी अधिक लाभाची. लॅपटॉपला हा पर्याय नाही. त्यात रॅम व एसएसडी बदलता येते की सर्व काही बोर्डावरच जडविलेले आहे, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

अलीकडे आणखी एक कारण पुढे केले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आणि साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. याचा अर्थ ते यंत्र भंगार झाले असा नव्हे. त्यावर लिनक्सची एखादी प्रणाली विनामूल्य बसविता येते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक. मराठी टंकलेखन, इंटरनेट आणि कार्यालयीन लिखाण तिच्यात होते. आपल्याला लागणारे एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर तिच्यावर चालते का, एवढे आधी पाहावे.

बिल, हक्क आणि भंगार

सुटे भाग घेताना पक्के बिल घ्यावे व त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमीचा आधार तोच असतो. प्रोसेसरला सामान्यतः तीन वर्षांची हमी मिळते, ती बिलाअभावी वाया जाऊ नये. दुरुस्तीत भाग बदलला असेल तर जुना भाग मागून घ्यावा. विचारणा करण्यात संकोच मानू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र पोर्टलही सुरू केले आहे. निकामी भाग उकिरड्यावर टाकू नयेत किंवा तांब्यासाठी जाळू नयेत. त्यांतील शिसे आणि जळत्या प्लास्टिकचा धूर यांचा अपाय प्रथम आपल्याच मुलांना होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे.

विद्यार्थ्यांच्या हाती

शेवटी मुळाशी येतो. दुरुस्ती आणि जुळणी हे दोन प्रतिस्पर्धी मार्ग म्हणून मांडले जातात. परंतु दोन्हींना लागणारे ज्ञान एकच आहे. जुळणी करताना कोणता भाग कोठे बसतो हे कळते, दुरुस्ती करताना तो का बिघडतो हे कळते. एसएसडी बदलणारा विद्यार्थी अर्धी जुळणी शिकलेलाच असतो. म्हणून प्रत्येक निवासी शाळेने बाद झालेला एक संगणक भंगारात न देता विद्यार्थ्यांना उघडून पाहण्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सातही भाग सुटे करून टेबलावर मांडावेत, त्यांची नावे सांगावीत आणि पुन्हा जोडून यंत्र चालू करावे, एवढा एका दुपारचा पाठ पुरे. या पाठात मुलींना मागच्या रांगेत उभे करू नये. स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्याही हाती द्यावा.

ज्यांना यातच पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये ‘कॉम्प्युटर हार्डवेअर व नेटवर्क मेंटेनन्स’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. गावोगावच्या शाळा, ग्रामपंचायती, पतपेढ्या आणि सेवाकेंद्रे यांच्याकडे संगणक आहेत आणि ते बिघडत राहणार आहेत. ही सेवा प्रामाणिकपणे देणाऱ्याला काम कमी पडणार नाही.

आपल्या समाजाने एक फारकत पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. हाताने राबणाऱ्याने विचारू नये आणि जाणणाऱ्याने हात मळवू नयेत, अशी ती फारकत होती. स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊन कारण शोधणारा विद्यार्थी दोन्ही कामे एकाच वेळी करतो. त्याला पुढे कोणी ‘बोर्ड गेला’ म्हणून सांगितले, तर तो घाबरणार नाही व वादही घालणार नाही. ‘रॅम काढून पाहिली का?’ एवढेच तो शांतपणे विचारील. आमच्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी असे विचारणारे एक तरी माणूस असावे, ही आमची सर्वांप्रती मंगल कामना.